बिडाची जाळी, गोळीची बिजागरी

मागच्या अंकात वानलेसवाडीच्या एका ताईंनी पाठवलेला फोटो छापून ‘ओळखा पाहू’ म्हटलं होतं. दोन गोल बिडाची पाती, आतून चौकोनी खाचा, एका टोकाला गोळीसारखा उंचवटा आणि दुसऱ्या टोकाला तारेची वेटोळी गुंडाळलेल्या दोन मुठी. पत्रं भरपूर आली. सगळ्यांत जास्त मतं पापडाच्या साच्याला पडली, त्याखालोखाल बिस्किटांना. शिराळ्याच्या एका गृहस्थांनी ‘गुऱ्हाळावरचा गुळाच्या वड्यांचा साचा, शंकाच नको’ असं इतक्या ठामपणे लिहिलंय की क्षणभर मीही डळमळलो. बरोबर उत्तर एकच आलं. पाचगणीच्या एका बोर्डिंग शाळेच्या स्वयंपाकघरातून निवृत्त झालेल्या आचाऱ्यांचं पोस्टकार्ड: ‘वॉफलचा साचा. चुलीवरचा. रविवारी सकाळी करत होतो.’ बास, एवढंच. (वॉफल म्हणजे सैल पिठाची, दोन पात्यांत कोंडून भाजलेली खाचाखाचांची विलायती पोळी.)

तेव्हा या वेळचे प्रश्न या साच्याचे आणि त्याच्या भावकीतले.

प्रश्न: ही वस्तू माझ्या आजेसासूबाईंची. त्या मिरजेला मिशनच्या बंगल्यावर स्वयंपाकाला होत्या. तिथल्या मॅडम मायदेशी परत जाताना देऊन गेल्या, असं त्या सांगायच्या. वॉफल आम्ही विश्रामबागला खातो, पण ते विजेच्या मशीनवरचं. हा साचा गॅसवर ठेवला की डुगडुगतो, गोळीच्या बाजूनं कलंडतो. मुळातच असा बेढब बनवलाय का? पाठीवर ८ आकडा आहे आणि ‘एरी’ अशी इंग्रजी अक्षरं आहेत, ती कशाची? *(वाचक भगिनी, वानलेसवाडी)*

उत्तर: बेढब नाही ताई, अर्धा आहे. पाती तुमच्याकडे आली, खालचं कडं कुठेतरी राहिलं. चुंबळीशिवाय घागर टेकवली तर ती डुगडुगणारच.

तुम्ही साचा घरी आणून दाखवलात ते बरं झालं, फोटोत कळत नव्हतं ते हातात घेतल्यावर कळलं. मी ३१ वर्षं कुपवाडच्या एका फौंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, पॅटर्न शॉपला होतो. पॅटर्न म्हणजे ओतायच्या वस्तूची लाकडी प्रतिकृती. ती वाळूत दाबून काढून घ्यायची आणि उरलेल्या पोकळीत वितळलेलं बीड ओतायचं. त्याआधी वडील किर्लोस्करवाडीला त्याच कामात. त्यामुळे ओतीव वस्तू हातात आली की माझा अंगठा आधी तिच्या कडांवरून फिरतो. सौ. म्हणतात, भांडं बघतोय की नाडी?

आता मूळ अडचण काय ती बघा. वॉफलचं पीठ सैल, ते दोन पात्यांमध्ये कोंडून दोन्ही अंगांनी भाजायचं. विजेच्या मशीनला वरखाली दोन्हीकडे तापणारी तार असते. चुलीला आच एकाच बाजूनं, म्हणजे मधेच उलटणं आलं. भाकरी आपण नुसत्या हातानं उलटतो. इथे उलटायची ती सगळी भट्टीच! दोन-अडीच किलोचं तापलेलं बीड आणि पोटात कच्चं पीठ.

युरोपात मध्ययुगापासून यावर उपाय होता तो सांडशीचा. दोन पाती आणि लांबलचक दांड्या, आपली सांडशी चार-पाच पट वाढवावी तशी. भिंतीतल्या उघड्या जाळावर धरायची आणि दांडीसकट फिरवायची. चर्चमधल्या प्रसादाच्या पातळ चकत्या अशाच सांडशीत भाजत आणि वॉफलचा साचा हा त्याच घराण्यातला. पात्यांवर घराण्याची चिन्हं, आद्याक्षरं, सालं कोरलेली असत आणि लग्नात असा साचा भेट देण्याची चाल होती. आपण रुखवतात भांड्यांवर नावं घालतो तसंच ते. डच लोक अमेरिकेत गेले ते ही सांडशी घेऊनच. ‘वॉफल’ हा शब्दही डचच. त्याचं नातं मधाच्या पोळ्याशी लावतात, आपल्या वाफेशी काही नाही.

पुढे अमेरिकेत घरोघरी बिडाच्या बंद चुली आल्या. वर सपाट पत्रा, त्यात गोल भोकं, भोकांवर झाकणं. आता लांब दांड्यांची सांडशी धरायची कुठे? जाळ तर आत कोंडलेला. मग साचा चुलीवरच बसला पाहिजे आणि बसल्या जागी फिरलाही पाहिजे, असं कोडं पडलं. न्यूयॉर्क राज्यातल्या ट्रॉय गावच्या कॉर्नेलियस स्वार्टवाउट यांनी २४ ऑगस्ट १८६९ रोजी साच्याच्या सुधारणेचं पेटंट घेतलं. साचा हात न भाजता, न निसटता उलटता यावा, हाच त्यामागचा खटाटोप. त्यानंतर चाळीसेक वर्षं तिथल्या कारखानदारांनी या एका उलटण्यावर जेवढं डोकं चालवलं तेवढं खाचांवरही चालवलं नसेल.

तुमच्या साच्याची गोळी ही त्याच खटपटीतली. पाती मिटली की बिजागरीच्या जागी गोल गोळी तयार होते. हरवलेल्या कड्याला एका बाजूला वाटीसारखी खोबण होती, गोळी तिच्यात बसायची. बरोबर समोर दुसरी खोबण, तिच्यावर दांडीचा गळा टेकायचा. उलटायचं म्हणजे मूठ धरायची, बोटभर उचलायची आणि मनगट फिरवायचं. गोळी वाटीतल्या वाटीत फिरते, वरचं पातं खाली येतं. साचा चुलीवरून उचलायचा नाही, पीठ सांडायचं नाही आणि चुकून सांडलंच तर ते जाळात न पडता कड्यात राहतं. मला सगळ्यांत काय आवडलं सांगू? या बिजागरीत खिळा नाही, स्क्रू नाही, एकही भोक पाडलेलं नाही. ओतून आली तशीच ती चालते. पाती एका ठरावीक कोनात उघडली की एकमेकांतून सुटी होतात, धुवायला मोकळी. तुमच्या सुनेला ती ‘तुटली’ असं वाटलं होतं ना, ती तुटली नव्हती, सुटली होती.

आता अक्षरांबद्दल. एरी हे पेन्सिल्वेनिया राज्यातलं गाव. १८६५ साली सुरू झालेला ग्रिस्वोल्ड कारखाना तिथलाच. बिडाच्या तव्यांसाठी आणि वॉफलच्या साच्यांसाठी तो नावाजलेला होता, १९५७ मध्ये तिथलं काम थांबलं. ८ हा आकडा इंचांचा नाही, चुलीच्या भोकाचा नंबर आहे. ८ नंबरच्या भोकावरचं झाकण काढायचं आणि ८ नंबरचा साचा कड्यासकट तिथे बसवायचा. कडीही दोन तऱ्हेची मिळत, लाकूड-कोळशाच्या चुलीसाठी बुटकी आणि गॅससाठी उंच, म्हणजे ज्योत थेट पात्याला चाटत नाही. मुठीवरची तारेची वेटोळी शोभेची नाहीत. तार बारीक, मधून हवा खेळती, त्यामुळे बीड तापलं तरी मूठ धरवते. आणि साचा तुमच्याकडे कसा आला, याचं तर आश्चर्यच वाटायला नको. डॉ. वानलेस यांनी मिरजेत दवाखाना काढला १८९४ साली, तुमच्या वाडीचं नावच त्यांच्यावरून. त्या काळात समुद्रापलीकडून मिशनच्या बंगल्यांवर किती पेट्या उतरल्या असतील आणि त्यांतली किती भांडी आजही कोणाच्या माळ्यावर असतील, कोण जाणे.

खाचांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण मी सांगितल्याशिवाय राहणार नाही.

तुम्ही गेलात त्या संध्याकाळी सौ. पोळ्यांची कणीक मळत होत्या. एक गोळा मागून घेतला, पात्याला तेलाचं बोट लावलं, गोळा थापून दाबला आणि टोकाला धरून उचलला. एकही कोपरा न फाटता साल काढल्यासारखा निघाला. त्यावर उमटलेले खड्डे उजेडाकडे धरून बघितले. तळाशी अरुंद, तोंडाशी रुंद. म्हणजे पात्यावरचे खुंट सरळ उभे नाहीत, शेंडा छाटलेल्या पिरॅमिडसारखे निमुळते आहेत. पॅटर्न शॉपमध्ये पोराला पहिल्या दिवशी हेच शिकवतात: लाकूड वाळूतून निघालं पाहिजे. सरळ उभी बाजू ठेवलीस तर पॅटर्न काढताना वाळू खरवडली जाणार, साचा ढासळणार. म्हणून प्रत्येक उभ्या बाजूला उतार द्यायचा. आम्ही त्याला ‘टेपर’ म्हणतो. इथे त्या कारागिरानं गरजेपेक्षा कितीतरी जास्त टेपर दिलाय, कारण त्याला दोनदा काढायचं होतं, एकदा वाळूतून लाकूड आणि मग रोज सकाळी बिडातून वॉफल. खुंटांच्या मुळाशी कोपरे धारदार नाहीत, तिथे छोटी गोलाई आहे. धारदार कोपऱ्यात ओतीव लोखंडाला चीर जाते आणि पीठही तिथेच चिकटून बसतं. ती गोलाई आम्ही पॅटर्नला मेण किंवा चामड्याची बारीक पट्टी लावून आणत होतो. ज्यानं तुमच्या साच्याचा पॅटर्न केला त्यानंही तेच केलं असणार, हात ओळखीचा वाटला.

पात्यावर मधोमध अधिकाची रेघ आहे बघा, तिनं वॉफलचे चार भाग पडतात. आपल्या भाषेत चार चतकोर.

प्रश्न: आमच्याकडे सासूबाईंचं बिडाचं आप्पेपात्र आहे, त्या साच्यासारखंच खाचांचं. पार गंजलंय. हे म्हणतात वीटभट्टीत टाकून लालभडक केलं की गंज झडेल. दीर म्हणतात सँडब्लास्ट, म्हणजे वाळूचा जोरदार झोत मारून साफ, करून आणतो. काय करू? *(वाचक भगिनी, तासगाव)*

उत्तर: दोघांनाही चहा द्या आणि गप्प बसवा. लालभडक केलेलं पातळ बीड वाकतं, तडकतं आणि वरची कातडी अशी बिघडते की नंतर तेल धरत नाही. सँडब्लास्टनं गंज जातो हे खरं, पण सासूबाईंच्या हाताखाली वर्षानुवर्षं गुळगुळीत झालेला पृष्ठभागही जातो.

आधी एक परीक्षा करा. पात्र दोरीला अधांतरी टांगा आणि लाकडी लाटण्यानं हलकेच ठोका. खणखणीत, घंटेसारखा लांबणारा आवाज आला तर आत चीर नाही. ‘भद्द’ आवाज आला तर कुठेतरी तडा आहे, मग कष्ट घेऊ नका. फौंड्रीत आम्ही माल असाच तपासत होतो.

गंज थोडा असेल तर चिंचेचा कोळ आणि नारळाची शेंडी पुरे. जास्त असेल तर व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं करून त्यात अर्धा तास बुडवा, बाहेर काढून घासा, गरज पडली तर पुन्हा. रात्रभर विसरून झोपलात तर आम्ल गंज संपवून बिडालाच लागतं. माझं एक पातेलं असंच खरबरीत झालंय, ते आता तुळशीला पाणी घालायला आहे. मग साबणानं धुवा, लगेच गॅसवर ठेवून खडखडीत कोरडं करा. ओलं बीड तुमच्या डोळ्यांदेखत नारिंगी होतं.

कोरड्यावर तेल. कुठलं, हे सगळे विचारतात. आपल्या भागात करडईचं तेल मिळतं, ते उत्तम. करडई, जवस ही सुकणारी तेलं, तापवल्यावर त्यांची कडक पापडी बनते. जवसाची पापडी मात्र कधीकधी खपल्यांनी निघते, म्हणून माझं मत करडईला. तेल लावायचं आणि मग जणू चुकून लागलंय अशा थाटात कोरड्या फडक्यानं सगळं पुसून काढायचं. जे उरतं तेवढाच थर हवा. मध्यम आचेवर धूर येऊन थांबेपर्यंत तापवा, निववा, पुन्हा. चार-पाच वेळा. खाचांच्या तळाशी तेल साचू देऊ नका, तिथे ते डिंकासारखं चिकट होतं. कानाची काडी फिरवून टिपा.

तापलेल्या पात्रावर गार पाणी ओतायचं नाही. एवढं पाळलंत तर ते तुमच्या सुनेच्या सुनेला मिळेल.

प्रश्न: पाचगणीत टेबललँडच्या रस्त्याला वॉफलचा गाडा टाकायचा विचार आहे. वीज बेभरवशाची, म्हणून गॅसवरचा साचा घेणार. ॲल्युमिनियमचा हलका मिळतो, बिडाचा जड आणि महाग. सगळे म्हणतात बीड एकसारखं तापतं. खरं का? *(एक तरुण वाचक, पाचगणी)*

उत्तर: सगळे म्हणतात ते उलटं आहे, दादा. एकसारखं तापतं ते ॲल्युमिनियम. उष्णता वाहून नेण्यात ते बिडाच्या तिप्पट-चौपट चपळ. बिडाच्या तव्याखाली बर्नरची ज्योत जिथे लागते तिथे गोल डाग पडतो, तो बीड सुस्त आहे म्हणूनच. बिडाचा गुण वेगळा: ते उष्णता धरून ठेवतं. तेवढ्याच आकाराच्या ॲल्युमिनियमपेक्षा साधारण तिसरा हिस्सा जास्त, शिवाय बिडाचं पातं जाडही असतं. गार पीठ ओतल्यावर ॲल्युमिनियम दचकतं, बीड दचकत नाही. कुरकुरीत कड त्यामुळे येते.

धंद्याच्या दृष्टीनं बोलायचं तर दिवसभर सलग घाणा चालणार असेल तर बीड घ्या, पण सकाळी पहिलं गिऱ्हाईक यायच्या आधी मंद आचेवर दोन्ही बाजू पाच-पाच मिनिटं तापवा. घाई करून मोठी आच केलीत तर मधे काळं, कडेला पांढरं. तासाला दोन गिऱ्हाइकं असतील तर ॲल्युमिनियमच बरं, लवकर तापतं, गॅस वाचतो.

साचा कुठलाही घ्या, दोन गोष्टी सांभाळा. पीठ ओतून मिटलं की लगेच एकदा उलटा, म्हणजे पीठ वरच्या खाचांतही उतरतं. आणि वाफ बघा. कडेतून वाफेचा लोट येत असतो तोवर उघडायचं नाही, तो विरळ होऊन थांबत आला की झालं. मी पहिल्यांदा अधीर होऊन उघडलं तर वॉफल आडवं चिरलं गेलं, अर्धं वरच्या पात्याला, अर्धं खालच्या. पुढचा पाऊण तास दातकोरणीनं एकेक खाच साफ करण्यात गेला. नातू शेजारी बसून मोजत होता.

स्ट्रॉबेरी वरून घाला, पिठात नको. फळातली साखर खाचेत जळते.

प्रश्न: त्या साच्यात थालीपीठ किंवा आंबोळी होईल का? *(वाचक, कराड)*

उत्तर: थालीपीठ नको. त्याला थापायला हात लागतो, मधलं भोक लागतं आणि त्या भोकात सोडलेलं तेल लागतं. आंबोळीचं आंबलेलं पीठ छान होतं, फक्त त्यात दोन चमचे तेल घालून मगच ओता. वॉफलच्या पिठात लोणी असतं म्हणून ते सुटतं. आपलं पीठ कोरडं, ते नुसत्या पुसलेल्या तेलावर भागवत नाही. घावनाचं पातळ पाणी ओतलंत तर ते कडेनं बाहेर येऊन गॅसला अंघोळ घालेल.

प्रश्न: (वानलेसवाडीच्या ताईंच्याच पत्रातला शेवटचा.) हरवलेलं कडं कुपवाडला कुठे ओतून मिळेल का?

उत्तर: मिळेल, आणि पॅटर्न मीच करतोय. आता माझी फजिती ऐका.

ओतलेलं बीड थंड होताना आक्रसतं, फुटाला साधारण एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग. म्हणून पॅटर्नमेकरची पट्टी वेगळी असते. तिच्यावरचा फूट खऱ्या फुटापेक्षा तेवढा मोठा आखलेला असतो, त्या पट्टीनं मापं घेतली की आक्रसून बरोबर माप येतं. ही पट्टी मी ३१ वर्षं रोज वापरली. निवृत्तीत ती कपाटात गेली आणि हाताशी नातवाची शाळेची पट्टी होती. शिवणीच्या लाकडाचं सुबक कडं केलं, ओळखीच्या फौंड्रीतून ओतून आणलं, तुमच्या पात्यांखाली ठेवलं. दोन मिलिमीटरनं लहान! गोळी वाटीत बसली तर समोर दांडीचा गळा खोबणीला लागेना. फौंड्रीतल्या पोरांनी काही म्हटलं नाही, पण चहा पाजताना एकमेकांकडे बघत होती.

काही वाचकांनी सुचवलंय की कुणाकडून जुनं कडं उसनं आणून त्याचाच पॅटर्न म्हणून वापर करावा. त्यातही हीच खोट आहे. जुन्यावरून ओतलेलं नवं त्याच्याहून लहानच येणार. सगळा साचा नवा ओतायचा असेल तर चालून जाईल, कारण सगळेच भाग सारखे लहान होतील. जुनी पाती आणि नवं कडं असा संसार मात्र जमत नाही.

कडं अन्नाला लागत नाही, म्हणून फौंड्रीतल्या नेहमीच्या बिडात ओतलं तरी हरकत नाही. पाती कुणी अशी ओतून घेऊ नका. भंगारातून काय काय वितळून येतं ते मी पाहिलंय.

दुसरं कडं उंच करतोय, तुमच्या गॅससाठी. लाकूड कापून झालंय, वाटीची खोबण कोरायची आहे. ताई, पुढच्या आठवड्यात बाजाराला याल तेव्हा साचा बरोबर आणा. गोळी कॅलिपरनं, म्हणजे जाडी मोजायच्या चिमट्यानं, परत मोजतो, आणि दांडीच्या गळ्याची जाडी तर गेल्या वेळी मोजायचीच राहिली.